मोडतं ते परवडतं: घरी गाडीचं काम करताना कोणत्या अवजाराला पैसे घालावेत

घरच्या घरी गाडीचं काम सुरू करणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: आधी सगळं स्वस्तातलं घे, त्यातलं जे मोडेल तेवढंच नंतर चांगलं घे. अर्ध्या पेटीसाठी हा सल्ला बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या पेटीसाठी मात्र तो गाडीच्या मुळावर येतो, कारण काही अवजारं मोडतच नाहीत. ढिला बसणारा दहाचा पाना वर्षानुवर्षं चकचकीत राहतो. बोल्टची डोकी तेवढी एकेक करून गोल होत जातात. बोल्ट ठरावीक जोरानेच आवळण्यासाठी असलेला टॉर्क पाना चुकीचा असला तरी ‘टक्’ असाच वाजतो, बरोबर असलेल्यासारखाच. अशी अवजारं मोडायची वाट बघत बसलात तर ती बदलायची वेळ कधी येणारच नाही.

माझी नोकरी कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात गेली. गेज, मायक्रोमीटर, डायल, टॉर्क पाने, जे येईल ते तपासायचं आणि ते खरं सांगतंय की नाही हे लिहून द्यायचं. घरी सर्व्हिसिंग, ब्रेक आणि सस्पेन्शनची बरीचशी कामं मी स्वतः करते. अवजार घेताना ब्रँड आणि किंमत बघण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: हे बिघडलं तर मला कळेल का, आणि कळेपर्यंत नुकसान कशाचं झालेलं असेल? नुकसान फक्त अवजाराचं होणार असेल तर स्वस्तातलं घ्या. गाडीचं होणार असेल तर चांगलं घ्या. अंगावर बेतणार असेल तर किंमत सगळ्यात शेवटी बघा. म्हणून सुरुवात अंगावर बेतणाऱ्या अवजारांपासून करते.

गाडीखाली जाण्याआधी

गाडीसोबत येणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. हायड्रॉलिक ट्रॉली जॅक त्याहून कितीतरी बरा, पण तोही फक्त उचलण्यासाठी. त्याच्या आत तेलाचा दाब एका रबरी सीलवर अडलेला असतो. सील झिजलं की गाडी कधी हळूहळू खाली बसते, कधी एकदम. म्हणून गाडी जॅकवर असताना खाली जायचं नाही, ‘एक मिनिटाचंच काम आहे’ असं असलं तरी. उचलायचं, जॅक स्टँड लावायचे, वजन स्टँडवर सोडायचं, मग खाली जायचं.

जॅक आणि स्टँड यांत पैसे वाटायचे असतील तर स्टँडला जास्त द्या. जॅक वजन मिनिटभर पेलतो, स्टँड तासन्‌तास. जॅकमध्ये दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तो किती खाली जातो आणि किती वर येतो; बुटक्या गाडीखाली शिरणारच नाही किंवा उंच गाडीची चाकं जमिनीवरून सुटणारच नाहीत असा जॅक कितीही दणकट असला तरी उपयोगाचा नाही. दुसरी, सोडायचा व्हॉल्व्ह. चांगल्या जॅकमध्ये गाडी बोटभर बोटभर खाली घेता येते. हलक्या जॅकचा व्हॉल्व्ह एकतर बंद असतो किंवा पूर्ण उघडा, मधलं काही नसतं.

स्टँड घेताना त्यावर लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे वाचा. दोन्ही प्रकारे लिहितात आणि फरक दुपटीचा असतो. मग उलटा करून वेल्डिंग बघा: पाय जिथे जोडलेत तिथे सांधा सलग हवा, फोड आणि भोकं नकोत. दात्यांच्या स्टँडमध्ये खटका दातात किती खोल बसतो ते बघा, आणि स्टँड वर करून दांडा खाली दाबताना खटक्याच्या मुठीला बाजूने टोला द्या. दात सुटला तर तो स्टँड परत ठेवा. ही नुसती भीती नाही. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या दुकानसाखळीने आपले लाखो जॅक स्टँड परत बोलावले, कारण दात आणि खटका नीट पकडत नव्हते. बदली म्हणून दिलेल्यांपैकी काहींतही पुढे वेल्डिंगचा दोष निघाला. मला आरपार जाणाऱ्या पिनचे स्टँड आवडतात. उंची हवी तेवढी बारीक लावता येत नाही, पण पिन भोकात आहे की नाही हे वाकून बघितलं की कळतं. शंकेला जागाच राहत नाही.

सगळं लावून झालं की गाडीला दोन्ही हातांनी बाजूने धक्का द्या. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. काढलेलं चाक आडवं करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवून ठेवायचं. त्याला काही खर्च नाही.

याच गटात स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर येतो. शॉक ॲब्सॉर्बर बदलताना दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. दोन हुक आणि दोन लांब बोल्टचा स्वस्त संच स्प्रिंगवरून सरकू शकतो, त्याचे आटे जाऊ शकतात. हे काम आयुष्यात एकदोनदाच करायचं असेल तर चांगला कॉम्प्रेसर भाड्याने आणा, नाहीतर सुटा केलेला स्ट्रट (शॉक ॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगची जोडणी) गॅरेजमध्ये नेऊन तेवढं काम करून घ्या. ‘एकदाच लागणारं अवजार स्वस्तातलं घ्या’ हा नियम इथे लावू नका.

पाने आणि गोट्या (सॉकेट)

आता गाडीचं नुकसान करणारी अवजारं. इथे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, कारण दोनशे नगांचा संच बघून डोळे दिपतात. त्यातले बरेचसे नग म्हणजे बिट (ड्रायव्हरची सुटी टोकं) असतात आणि अर्ध्याहून जास्त मापं तुमच्या गाडीत नसतातच.

आधी गाडी कुठल्या घराण्याची आहे ते बघा. एम६ च्या, म्हणजे ६ मिमी व्यासाच्या, बोल्टचं डोकं बहुतेक सगळीकडे १० मिमी. एम८ ला जपानी पद्धतीत १२, युरोपीय पद्धतीत १३. एम१० ला जपानी गाडीत बहुतेक १४, युरोपीय गाडीत १६ किंवा जुन्या प्रमाणानुसार १७. म्हणजे जपानी-कोरियन गाडीवाल्याला ८, १०, १२, १४, १७, १९, २१ एवढ्यात जवळजवळ सगळं काम होतं. युरोपीय गाडीवाल्याला ८, १०, १३, १५, १६, १७, १८, २१ लागतात आणि वर तारेच्या आकाराचे टॉर्क्स बिट. यातली पाच-सहा मापं रोज हातात येतात. तेवढीच उत्तम घ्या. बाकीची साध्या संचातली चालतात.

उत्तम म्हणजे काय, हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. एम६ चा नवा कोरा बोल्ट खिशात घालून जा. दहाचा पाना त्यावर बसवा आणि टोकाला धरून अगदी हलका डावा-उजवा करा. बोल्ट फिरायला लागण्याआधी पाना रिकामा किती हलतो? चांगल्या पान्यात तो हलतोय हे जेमतेम जाणवतं. हलक्या पान्याचं टोक दिसेल इतकं हलतं. तो रिकामा कोन म्हणजेच डोक्याच्या कोपऱ्यांवर येणारा मार आहे. फट जितकी जास्त तितका पाना सपाट बाजू सोडून कोपऱ्याच्या धारेवर टेकतो, आणि धार पोलादाची असली तरी ती एका रेघेएवढीच असते. नंतर बोल्ट उजेडात धरून बघा: कोपऱ्यावर चकाकणारी बारीक खूण दिसली तर पाना धारेवर चालतोय, सपाटीवर थोडी आत खूण दिसली तर पान्याची घडण बरोबर आहे. चांगल्या गोट्यांच्या आतले कोपरे मुद्दाम गोलसर कापलेले असतात, जेणेकरून जोर कोपऱ्यापासून दूर सपाट बाजूवर पडावा. स्नॅप-ऑनने ही घडण ‘फ्लँक ड्राइव्ह’ नावाने रूढ केली. आज बऱ्याच मधल्या किमतीच्या गोट्यांतही ती असते, म्हणून तेवढ्यासाठी सगळ्यात महाग गोटी घ्यायची गरज उरलेली नाही.

सहा कोनी आणि बारा कोनी यांत घरच्या माणसाने गोटी सहा कोनीच घ्यावी. बारा कोनी गोटी लवकर बसते, पण गंजलेल्या बोल्टवर तिची पकड कमी. रिंग पाने बारा कोनी असले तरी चालतं, कारण अडचणीच्या जागी हात जेमतेम हलतो आणि दर ३० अंशांना बसणारी रिंग तिथे कामाला येते.

महाग गोटीत आणखी एक गोष्ट विकत मिळते: पातळ भिंत. पोलाद चांगलं आणि त्याचं उष्णतासंस्करण नीट झालेलं असेल तर भिंत पातळ ठेवूनही गोटी फाटत नाही. इंजिनच्या खाचेत बसलेला बोल्ट असेल तर जाड भिंतीची स्वस्त गोटी तिथे शिरतच नाही. रिंग पान्याच्या रिंगचंही तेच. हॅझेट, स्टालविले, फाकोम, जपानची केटीसी यांचे पाने हातात घेतले की पहिल्यांदा हेच जाणवतं: डोकी लहान, रिंग पातळ आणि तरी वाकत नाही. ज्या गाडीत इंजिनभोवती भरपूर जागा आहे त्या गाडीवाल्याला मात्र या पातळपणाचे पैसे मोजायचं कारण नाही.

रॅचेटचं, म्हणजे गोटी एकाच दिशेने फिरवणाऱ्या दांड्याचं, गणित दातांवर असतं. ३६ दातांचा रॅचेट दर १० अंशांना पकडतो, ७२ दातांचा ५ अंशांना, १२० दातांचा ३ अंशांना. ७२ पुरे होतात. दातांपेक्षा मी मागे फिरतानाची ओढ बघते. एखादा नट बोटांनी फिरेल इतका सैल ठेवा, त्यावर रॅचेट लावा आणि मागे-पुढे हलवा. ओढ जास्त असेल तर रॅचेट मागे येताना नटही मागे येतो आणि काम पुढे सरकत नाही. नवा स्वस्त रॅचेट उघडून, आतलं घट्ट ग्रीस पुसून पातळ तेल लावलं तर पुष्कळदा ही ओढ कमी होते. एवढं करून पाहा आणि मगच महाग रॅचेटचा विचार करा. रॅचेट बिघडला की दात घसरतात, हाताला लगेच कळतं, म्हणून हा मधल्या किमतीतला चालतो. फक्त घट्ट बसलेला बोल्ट रॅचेटने सोडवायचा नाही. त्यासाठी लांब दांडा असतो.

तो लांब दांडा, ब्रेकर बार, ६०० मिमीचा घेतलात आणि ३० किलोचा जोर लावलात तर जवळजवळ १७५ न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) होतात. चाकाचे नट सोडवायला तेवढे पुरतात. दांडा स्वस्त चालेल असं मी म्हणाले असते, कारण तो मोडला की आवाज होतो. पण तो मोडतो तेव्हा आपण सगळं अंग त्यावर टाकलेलं असतं. म्हणून अगदी हलका नको. आणि दांडा ढकलायचा नाही, आपल्याकडे ओढायचा, म्हणजे सुटला तर बोटांची हाडं बॉडीवर आदळत नाहीत.

ठोके देत बोल्ट फिरवणाऱ्या इम्पॅक्ट गनवर चकचकीत गोटी कधीही लावू नका. हाताच्या गोट्या बहुतेक क्रोम-व्हॅनेडियम पोलादाच्या, कडक असतात. ठोक्यांनी त्यांना तडे जातात आणि क्रोमचा मुलामा धारदार कपच्यांनी उडतो. इम्पॅक्टच्या काळ्या गोट्या बहुतेक क्रोम-मॉलिब्डेनमच्या, जाड भिंतीच्या असतात आणि ठोका सोसतात. त्या साध्या ब्रँडच्याही चालतात, इम्पॅक्टसाठी बनवलेल्या असणं महत्त्वाचं.

ब्रेकच्या नळीचे नट, बहुतेक १० किंवा ११ मिमी, ही माझ्या पेटीतली सगळ्यात नाजूक बाब. नट मऊ, नळी पातळ आणि आत बसून बसून धरलेली. साध्या उघड्या पान्याने तो गोल झाला की अख्खी नळी बदलावी लागते. यासाठी नळी आत सरकेल एवढी फट ठेवलेला रिंगसारखा पाना मिळतो, फ्लेअर नट पाना. हा पाना तुम्हाला क्वचित लागेल, तरी चांगलाच घ्या. स्वस्तातल्याचा जबडा जोर दिला की फाकतो, आणि फाकला की त्याच्यात आणि उघड्या पान्यात काही फरक राहत नाही.

टॉर्क पाना खरं बोलतोय का

या अवजाराबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण हे मी आयुष्यभर तपासत आले.

‘टक्’ वाजणाऱ्या टॉर्क पान्याला आयएसओ ६७८९ या प्रमाणात चूक मान्य आहे ती १० न्यूटन-मीटरच्या वरच्या पान्यांना ४ टक्के, त्याखालच्यांना ६ टक्के. ही हमी पान्याच्या कमाल मापाच्या २० टक्क्यांपासून वर असते. म्हणजे २०० पर्यंतच्या पान्याने ४० च्या खाली काही आवळायचं नाही, दांड्यावर आकडे छापलेले असले तरीही. एम६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर लागतात आणि तेलाच्या ड्रेन प्लगला बऱ्याच गाड्यांत २५ ते ४०. मोठ्या पान्यावर हे आवळायला गेलं की ॲल्युमिनियमचे आटे जातात. म्हणून पाने दोन लागतात: एक पाव इंची चौकोनाचा (गोटी बसते तो चौकोन), ५ ते २५ चा, दुसरा अर्धा इंची, ४० ते २०० चा. एकच घ्यायचा असेल तर ३/८ इंची, फिटरांच्या भाषेत तीन सूत, २० ते १०० चा. गाडीचा नेमका आकडा मात्र तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

इथे महाग पाना घ्यायला सांगेन असं वाटेल. थोडं थांबा. बोल्ट आवळताना आपण लावतो त्या जोराचा साधारण ९० टक्के भाग घर्षणात जातो, निम्मा डोक्याखाली आणि बाकीचा आट्यांत. बोल्ट ताणायला जेमतेम १० टक्के उरतो. त्यामुळे पाना अचूक असूनही बोल्टमधला ताण २५-३० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. आटे गंजलेले असतील तर ताण कमी, तेल लागलेले असतील तर जास्त. ४ टक्क्यांच्या पान्याऐवजी २ टक्क्यांचा घेऊन तुम्ही जे कमावता ते तारेच्या ब्रशने आटे साफ न केल्यामुळे कितीतरी पटींनी घालवता. म्हणून मधल्या किमतीचा पाना, सोबत तपासणीचा दाखला, आणि स्वच्छ आटे. मॅन्युअलने सांगितलं नसेल तर आट्यांना तेल किंवा ग्रीस लावायचं नाही.

आणि खरंच पैसे कमी असतील तर काट्याचा, म्हणजे वाकणाऱ्या दांड्याचा टॉर्क पाना घ्या. एक जाड दांडा वाकतो, शेजारचा बारीक काटा सरळ राहतो आणि पट्टीवर आकडा दाखवतो. आत स्प्रिंग नाही, खटका नाही. काटा शून्यावर नसेल तर ते रिकाम्या हातातही दिसतं, आणि काटा हलकेच वाकवून शून्यावर आणला की झालं. खोटं बोलू लागला की स्वतःच सांगणारा टॉर्क पाना हा एवढाच, आणि तो सगळ्यात स्वस्त असतो. अडचण एकच, आकडा समोरून, सरळ बघता यायला हवा.

‘टक्’वाल्याची घरी अशी तपासणी करा. पाना आधी पाच-सहा वेळा वाजवून घ्या, म्हणजे आतलं ग्रीस पसरतं. मग त्याचा चौकोन व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट पकडा, पाना जमिनीला समांतर, आणि टोकाला वजन टांगल्यावर तो आवळायच्या दिशेने ओढला जाईल असा. मुठीच्या मध्यावर, खूण असेल तर खुणेवर, दोरी बांधा आणि चौकोनाच्या केंद्रापासून तिथवरचं अंतर मोजा. समजा ते ०.४० मीटर आहे. दोरीला पाण्याची बादली टांगा. बादली आणि पाणी मिळून वजनकाट्यावर बरोबर १० किलो भरा. ९.८१ गुणिले १० गुणिले ०.४० म्हणजे ३९.२ न्यूटन-मीटर. यात पान्याचं स्वतःचं वजन मिळवायचं: तो १.२ किलोचा असेल आणि बोटावर तोलला असता चौकोनापासून ०.२० मीटरवर तोलला जात असेल तर आणखी २.४. एकूण ४१.६.

आता पाना ४५ वर लावा आणि बादली हाताने आधार देत हळूहळू सोडा. वाजायला नको. बादली उचला, पाना एका आकड्याने कमी करा, पुन्हा सोडा. पहिल्यांदा वाजला तो आकडा ४० ते ४३ च्या दरम्यान असेल तर पाना उत्तम. ३६ वर आल्यावरच वाजला तर तो दाखवतो त्यापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त आवळतोय. आटे तोच खातो. ४५ वरच वाजला तर तो कमी आवळून ‘झालं’ म्हणतोय. पुढे बादलीत वजन वाढवून ८० च्या आसपासही एकदा बघा. प्रयोगशाळेच्या दाखल्याची जागा ही तपासणी घेत नाही, पण वाईट पाना यात लपू शकत नाही.

कारखान्यात असे पाने ५,००० वेळा वाजल्यावर किंवा वर्ष झाल्यावर पुन्हा तपासतात. घरी ५,००० व्हायला कित्येक वर्षं जातील, म्हणून काळ बघा, आणि पाना एकदा जरी जमिनीवर पडला तरी पुन्हा बादली टांगा. काम झालं की पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, त्याच्याही खाली सैल करायचा नाही. त्याने नट सोडवायचे नाहीत. ‘टक्’ झालं की थांबायचं. खात्रीसाठी म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजवलं की दर वेळी थोडं जास्तच आवळलं जातं.

स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, पक्कड

अधिकचे (+) स्क्रू सगळे एकसारखे नसतात. नेहमीचा फिलिप्स ड्रायव्हर जोर वाढला की खाचेतून वर उचलला जातो. जपानी प्रमाणाच्या स्क्रूमध्ये खाच वेगळी, आणि त्यात फिलिप्सचं टोक पूर्ण तळाला बसत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. जुन्या जपानी गाड्यांवर काम करत असाल तर जपानी प्रमाणाचे दोन ड्रायव्हर, दोन आणि तीन नंबरचे, घ्याच. ते फिलिप्समध्येही चांगले बसतात. ड्रायव्हरची मूठ कशीही असो, पैसे टोकाचे द्यायचे. मागून हातोडी मारता येईल असा, मुठीतून आरपार दांडा गेलेला एक ड्रायव्हर ठेवा. ब्रेक डिस्कचा छोटा स्क्रू सोडवताना तोच कामाला येतो.

षटकोनी टोकाच्या ॲलन की आणि टॉर्क्स बिट झिजले की टोकं गोल होतात आणि बोल्टचं भोकही आपल्यासोबत गोल करतात, म्हणून हे चांगल्या पोलादाचे. ब्रेक कॅलिपरच्या पिना बऱ्याच युरोपीय गाड्यांत ७ मिमी ॲलनच्या असतात आणि ७ नेमका स्वस्त संचात नसतो. जर्मन गाड्यांत बारा टोकांचा एक्सझेडएन बोल्ट भेटतो. तो टॉर्क्ससारखा दिसतो, पण टॉर्क्स त्यात घालायचा नाही. कुठलाही बिट घालण्याआधी भोकातली माती दाभणाने खरवडून काढा. महागातला बिटसुद्धा मातीवर टेकला तर घसरतो.

पक्कडीत मी एकच चैन करते: निपेक्सची कोब्रा. तिचे दात फिरवायच्या दिशेच्या विरुद्ध कललेले असतात, एकदा बसली की मूठ फार न आवळताही पाइपवरून घसरत नाही. बाकी नाकाडी पक्कड, वायर कटर साधे चालतात. एक मात्र, पक्कडीने नट सोडवायचा नाही, ती कितीही महाग असली तरी.

जिथे स्वस्तच बरं

हातोडी, तेलाचं तसराळं, नरसाळं, तारेचा ब्रश, चुंबकाची कांडी, टॉर्च, ऑइल फिल्टरचा पट्टा, कॅलिपरचा पिस्टन मागे दाबायला सी-क्लॅम्प. यात महाग काही घेऊ नका. फट मोजायचं फीलर गेजही स्वस्त चालतं. पोलादाची पातळ पट्टी नेमक्या जाडीची बनवणं फार अवघड नाही, आणि शंका आली तर मायक्रोमीटरने लगेच पडताळता येते.

१२ व्होल्टच्या कामाला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४, एवढं वाचायला महाग मीटर कशाला? पण केबल नारिंगी दिसली, म्हणजे हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीचा उच्च दाबाचा भाग असेल, तर हा मीटर आणि हे पाने दोन्ही दूर ठेवा. तिथे १००० व्होल्टची इन्सुलेटेड अवजारं आणि प्रशिक्षण लागतं.

ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, हाही स्वस्तातला घ्या. इंजिनचा कोड वाचायला आणि पुसायला तो पुरेसा असतो. त्याने एबीएस आणि एअरबॅगचे कोड बहुधा दिसत नाहीत, आणि पी०३०० म्हणजे इंजिन मिसफायर होतंय (इंधन नीट पेटत नाही) एवढंच तो सांगतो. प्लग, कॉइल की इंजेक्टर हे आपणच शोधायचं. महाग रीडरही ते शोधून देत नाही.

जुनी अवजारं

पैसे वाचवायची खरी जागा म्हणजे चांगल्या कंपनीची वापरलेली अवजारं. पाने, गोट्या, दांडे, हातोड्या यांचं वय बघायची गरज नाही. पान्याच्या जबड्याची आतली बाजू बोटाने चाचपा: कडा फाकल्या असतील, दाबून वर आलेली धार लागली, ग्राइंडर फिरवल्याचे ओरखडे दिसले, किंवा दांड्यावर तापवल्याचा निळा-तपकिरी रंग असला तर घेऊ नका. तापवलेल्या पोलादाचा कडकपणा गेलेला असतो. वरवरचा गंज चालतो, क्रोम उडून पापुद्रे निघालेले चालत नाहीत, ते बोटात शिरतात.

वापरलेले जॅक स्टँड, स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि ‘टक्’वाला टॉर्क पाना मी घेत नाही. टॉर्क पाना ओळखीच्या माणसाकडून मिळतच असेल तर पैसे देण्याआधी तो कुठल्या आकड्यावर ठेवलेला होता ते विचारा, आणि घरी नेऊन बादली टांगायची परवानगी मागा.